मशीनने धरलेला सूर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं इथे लिहिणारा प्रत्येक जण पहिल्याच ओळीत सांगतो आणि तिसऱ्या ओळीत त्याला पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई भेटते! माझ्याकडे तसलं काही नाही. या गोष्टीत बाई एकच आहे, ती म्हणजे मी.

आणि विश्वासाचं म्हणाल, तर आमच्या घरात तो प्रश्न वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी निकालात निघाला. अंगारा नाही, उतारा नाही, लिंबू फक्त सरबतासाठी. पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. मुंज्याच्या भीतीने वाट बदलणाऱ्या कितीतरी पोरांना मी हाताला धरून त्याच पिंपळाखालून नेलंय. अशा बाईने हे लिहावं म्हणजे आता माझेच विद्यार्थी हसतील. हसू देत. जे झालं ते माझ्यासमोर झालं, माझ्या गळ्याशी झालं, आणि मी सोडून आणखी शहाण्यासुरत्या माणसांनी ते कानांनी ऐकलं.

गोष्ट ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची. आम्ही पोलादपूरला एस.टी. स्टँडच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे, म्हणजे मनोहर, सरकारी कचेरीत कारकून. लग्नाआधी काही वर्षं मुंबईला काढलेली, तिथून येताना लोक ट्रंक भरून आणतात – यांनी गिटार आणली. आमची छोटीशी गायन पार्टी होती. जयंती, लग्न, बारसं, नव्या विहाराचं उद्घाटन... जिथे बोलावतील तिथे जाऊन प्रबोधनाची गाणी म्हणायची. पेटीवर गणपतमामा – नात्याने लांबचे, पण मायेने सख्खे. ढोलकीवर यांचा चुलतभाऊ भिकू. गिटारवर हे. आणि गायला मी.

माझा आवाज सावित्री नदीच्या पलीकडे जातो, असं मामा गावोगाव सांगायचे. मामांना वाढवून सांगायची सवयच होती, पण निम्म्या पात्रापर्यंत नक्की जात असेल. माझी पट्टी होती काळी पाच. पेटीतलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते – पेटीची जी पट्टी धरून गायचं, ती त्या गळ्याची उंची. स्टेजवर बसलं की आमच्यात गाणाऱ्याने मोठ्याने पट्टी मागायची आणि पेटीवाल्याने ती द्यायची, अशी रीत. मी पदर खोचून ऐटीत म्हणायचे, "मामा, काळी पाच द्या!" समोरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग माझ्या गळ्याला गाठ झाली. मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं, "आवाज बदलू शकतो. परत येईल, कदाचित नाही येणार." गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज चीर गेलेल्या मडक्यासारखा झाला. वर्गात टेबलावर फूटपट्टी आपटून भागायचं. गाणं मात्र संपलं. मामांनी एकदा हळूच पेटी पुढ्यात घेऊन सगळ्या पट्ट्या चाचपून पाहिल्या – पांढरी चारच्या वर माझा गळा चढेना, आणि तिथेही दोन ओळींत दमायचा. पांढरी चार म्हणजे माझ्या जुन्या पट्टीच्या मानाने घराचा माळा सोडून तळघरात येऊन बसणं! लोकांसमोर "मामा, पांढरी चार द्या" असं म्हणायचं माझ्या तोंडून होईना. त्यापेक्षा मी गाणंच बंद केलं. मोरीत नळ सोडून रडायचे, म्हणजे यांना ऐकू जाऊ नये. यांना ऐकू जायचंच.

त्यानंतर यांच्या डोक्यात अॅम्प्लिफायरने घर केलं. तोवर ढोलकीपुढे यांची गिटार शेजारच्यालाही ऐकू जात नसे, त्यामुळे मला वाटलं, चला, यांची हौस. एका रविवारी आम्ही महाडला गेलो. बाजारपेठेत सुर्वे नावाचा रेडिओ मेकॅनिक होता. हुशार, पण तोंडाची टकळी अशी की दुरुस्तीला आलेले रेडिओ सुद्धा लाजून गप्प बसत असावेत. त्याने दोन मशीन काढून ठेवली.

"हे वॉल्व्हचं," तो म्हणाला. "जरा तापू द्या साहेब. मग ऐका – गुळाचा पाक!"

खरंच होतं. वॉल्व्ह लाल झाले, यांनी तार छेडली, आणि यांचा चेहरा मटणाच्या रश्श्याचा पहिला घोट घेतल्यावर होतो तसा झाला. मशीन मात्र चांगलं लाकडी धूड. दोघांनी उचलायचं, आणि वीज असेल तिथेच वाजायचं.

"आणि हे ट्रान्झिस्टरचं. मी स्वतः जोडलंय. तापायची भानगड नाही, बटण दाबलं की हजर. वीज नसली तर टेम्पोची बॅटरी लावा. आवाज फक्त जरा..."

"जरा काय?" मी विचारलं.

"जरा पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा. पण बाई, वजन बघा वजन!"

यांनी ते वाजवून पाहिलं. डब्याचं खरंच होतं. तरी हे खाली वाकून मागची भोकं बघत बसले. "माइक वेगळा लागतो का?" वॉल्व्हच्या मशीनला एकच भोक. या हलक्याला दोन – गिटारला एक, माइकला एक, आणि दोघांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायला दोन बटणं. यांनी ते एका हातात उचललं, दुकानाबाहेर रस्त्यावर एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "हेच द्या."

मला राग आला. "अहो, जीव त्या दुसऱ्यात अडकलाय तुमचा. कशाला उगीच?"

"जीव अडकलाय. पण पाठ माझी आहे. डोंगरात कुडपणच्या चढावर ते धूड काय तू नेणार?"

परतीच्या एस.टी.त मशीन मांडीवर घेऊन हे खिडकीबाहेर बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दुसऱ्या भोकात तुझा माइक. तू जोर लावूच नकोस, शैला. घरात बोलतेस तसं गा. बाकीचं मशीन बघेल."

तेव्हा मला कळलं. गिटारसाठी ते घेतलंच नव्हतं! गिटारसाठी घेतलं असतं तर गुळाचा पाक घरी आला असता. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी भांडते. मी म्हटलं, "एवढं मशीन घेतलंय तर त्यालाच गायला सांगा."

पुढच्या सुटीच्या दिवशी सकाळी मामा आणि भिकू तालमीला आले. मी आत तांदूळ निवडत बसले होते, मुद्दाम. बाहेर मशीन लागलं, गिटार वाजली, डबा वाजला. मग मी पाणी द्यायला बाहेर आले... आणि मशीनमधून एक बारीक, सरळ गुणगुण सुरू झाली. कर्कश नाही. तंबोऱ्याची तार लांबून ऐकू यावी तशी.

"हम आला," हे म्हणाले. सुर्व्याने तो शब्द शिकवून ठेवला होता. मशीनला जमिनीची तार नीट लागली नाही की विजेची गुणगुण येते म्हणे. यांनी मोरीजवळच्या ओल्या मातीत तार पुरली. गुणगुण तशीच. पिन उलटी करून पाहिली. तशीच. मग विजेवरून काढून दारात उभ्या टेम्पोच्या बॅटरीला जोडलं. बॅटरीवर हम येऊच शकत नाही, असं सुर्व्याने छातीठोक सांगितलं होतं. गुणगुण तशीच!

मामांनी सवयीने पेटीवर बोट फिरवलं आणि थांबले. "ही पांढरी चार हाय रे," ते म्हणाले. "तंतोतंत."

तांब्या हातात घेऊन उभी होते. कसं ते माहीत नाही, पण मी त्या सुराबरोबर नुसतं तोंड मिटून गुणगुणायला लागले होते. भिकूने ढोलकीकडे हात नेला, मामांनी डोळ्यांनी त्याला दाबला. मी एक ओळ म्हटली. मग दुसरी. दमले की तो सूर तिथेच थांबलेला असायचा, मी परत येऊन त्यावर बसायचे. अख्खं कडवं झालं. ऑपरेशननंतरचं पहिलं. मी थांबले तशी गुणगुण थांबली.

दुसऱ्या आठवड्यात मशीन पुन्हा सुर्व्याकडे. मी दुकानात नव्हते तोवर गुणगुण नाही. सुर्वे हसला, "माझ्या हातचं मशीन आहे साहेब, तुमच्या कानात हम आहे." इतक्यात मी समोरच्या दुकानातून खडूची पेटी घेऊन आत आले. गुणगुण सुरू. मी बाहेर गेले, बंद. आत आले, सुरू. सुर्व्याने झाकण उघडलं, दोन-तीन कपॅसिटर बदलले, तारा हलवल्या, कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस गप्प झालेला मी पाहिला. शेवटी हळूच म्हणाला, "बाई, राग मानू नका. एक नारळ फोडा आणि लिंबू-मिरची बांधा याला."

"बावीस प्रतिज्ञा काय भिंतीवर टांगायला घेतल्या का आम्ही?" मी म्हटलं. पण बाहेर पडल्यावर मामा माझ्या बाजूने चालत कुजबुजले, "नारळ-बिरळ आपल्यात नाय, ते खरं. मंग ह्याला म्हनायचं काय गो?" शाळेच्या बाईला उत्तर नाही, हे मामांना बहुतेक गुणगुणीपेक्षाही भीतिदायक वाटलं.

तशातच कुडपणचं लग्न आलं. तिथे तेव्हा वर वीज नव्हती, गाडी अर्ध्यातच सोडायची. आणि इथे आमच्या शहाणपणाची लाज निघाली. हलकं मशीन, हलकं मशीन म्हणून महिनाभर मिरवलं – आणि टेम्पोची बॅटरी किती जड असते याचा विचार कुणी केलाच नव्हता! मशीन मी एका हातात घेऊन टुणटुण पुढे, आणि मागे भिकू आणि हे, काठीला बांधलेली बॅटरी खांद्यावर घेऊन, तिच्यातलं तेजाब सांडू नये म्हणून नव्या नवरीसारखे पावलं टाकत. तरी सांडलंच. भिकूच्या लेंग्याला भोकं पडली. "वहिनी, पुढच्या टायमाला तो वॉल्व्हवाला घिवा आनि वीजच खांद्यावर आना," तो म्हणाला.

दुपारी मांडवात बसलो. मी पट्टी मागितली नाही, नुसती माइकजवळ सरकले. गुणगुण आली. मामांनी ऐकलं, पेटीवर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता भाता हलवला. मी अगदी बोलल्यासारखं गायले, यांनी सांगितलं होतं तसं. दुसऱ्या कडव्यात कुणाच्या तरी पायात वायर अडकली आणि बॅटरीवरून निघाली. गिटार मुकी झाली. माइक मुका झाला. मशीनवरचा लाल दिवाही गेला. आणि तो सूर... तो होता. मी समोर बघत होते – सुटलेली वायर शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेली, बॅटरी तिच्यापासून हातभर लांब, यांचा हात तारांवर तसाच थांबलेला. आणि मशीनमधून सूर येत होता. थांबावंसं वाटलं नाही. भीती वाटायला हवी होती. मला आधार वाटला. मी माइक बाजूला केला आणि आहे त्या गळ्याने पुढचं कडवं म्हटलं.

पुढ्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आता आयकू येतंय गो बाय! मगाशी डब्यातनं येत व्हता."

मांडव हसला. मीही हसले. गाणं पुरं झालं, सूर थांबला, आणि यांनी वायर परत जोडली.

नंतरच्या महिन्यांत तसंच चालू राहिलं. तालमीला, कार्यक्रमाला मी मशीनजवळ बसले की सूर यायचा. मामा त्याच्यावर पेटी धरायचे, मी गायचे. पट्टीचं नाव मी विचारत नसे. मला ते नाव ऐकायचंच नव्हतं. भिकू मात्र सारखा हातोडी घेऊन ढोलकीशी खटपट करायचा. "परत चढवायला लागतेय," म्हणून कुरकुरला की मामा त्याला कोपराने ढोसायचे. हे गिटारवर हात वर-वर सरकवून वाजवायचे. मला वाटायचं, नवी नवी कला चाललीय.

मग जयंती आली. महाडच्या एका वस्तीत कार्यक्रम होता, दिवस मावळायच्या आधी आम्ही स्टेजवर बसलो. मैदान भरलेलं, पुढे सगळ्या पांढऱ्या साड्या. मशीन लागलं. गिटार वाजली, माइक वाजला. आणि सूर नाही. मी मशीनच्या आणखी जवळ सरकले. नाही. यांनी बटणं फिरवली. नाही. लोक शांत झाले, म्हणजे आता सुरू करा असंच.

मामा वाकून म्हणाले, "कुठनं घिऊ गो?"

कितीतरी दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मला वाटलं, आपलं होतं नव्हतं ते सगळं त्या डब्याचं होतं आणि डबा आज बंद पडला. एवढ्या लोकांसमोर मला ते म्हणावं लागलं. मी माइकवर हात ठेवून अगदी हळू म्हटलं, "पांढरी चार द्या, मामा."

त्यांनी दिली. मी उचललं आणि पहिल्याच ओळीत गळा खाली घासला. सूर इतका खाली की शब्दच फुटेना. गेला, मला वाटलं, हाही गेला. मी थांबले. डोळ्यांत पाणी आलं, ते स्टेजवर पुसताही येईना.

मामांनी भाता बंद केला. माझ्या कानाशी आले. "पोरी, पांढरी चार कवाच सुटली तुझी. थोडी थोडी करून वर चढलीस. शिमग्यापास्नं तू काळी पाचात गातेस."

"थट्टा नका करू मामा."

"तुझ्या नवऱ्याला इचार."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली आणि खाली घातली, आणि मला दिसलं, हे रडत होते. भिकू ढोलकीच्या वादीवर हात फिरवत होता, आधीच काळी पाचला चढवून ठेवलेल्या.

मी पदर खोचला. माइकवरचा हात काढला. मैदानाच्या टोकापर्यंत जाईल एवढ्याने म्हटलं, "मामा, काळी पाच द्या!"

त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत गायले. सावित्रीपर्यंत आवाज गेला की नाही ते मामांना विचारायला नको, ते पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला म्हणून सांगत सुटले.

त्यानंतर त्या मशीनमधून तो सूर पुन्हा कधी आला नाही. पुढे खूप वर्षं ते आमच्याबरोबर फिरलं, गिटारचा आवाज शेवटपर्यंत पत्र्याच्या डब्यासारखाच राहिला. सुर्वे लोकांना सांगायचा, कपॅसिटर बदलला म्हणून हम गेला – तारखेचा हिशोब कुणी विचारला नाही तोवर ठीक. माझ्या गळ्याचं स्पष्टीकरण आहे. डॉक्टर म्हणाले, दुखावलेली नस काही जणांची हळूहळू भरून येते, तुमची आली. ते मला शंभर टक्के पटतं. माझा एक विद्यार्थी इंजिनियर झाला, त्याला मी सगळं सांगितलं. त्याने कागदावर आकृती काढली, माइक आणि स्पीकरची काहीतरी फिरती वाट समजावली, छान समजावली. मग मी विचारलं, बॅटरी सुटलेली असताना? आणि दर काही आठवड्यांनी अर्ध्या सुराने वर जाताना? त्याने चहा पिऊन घेतला आणि आकृती खिशात घातली.

कोण होतं, काय होतं, मला माहीत नाही. कुणी होतं असंही मी म्हणत नाही. मी आजही लिंबू सरबतालाच वापरते. यांना मात्र मी त्या जयंतीहून परत येतानाच विचारलं होतं, "इतके दिवस तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीत?"

हे म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू एक पायरी तरी चढली असतीस का?"

नसते चढले. पहिल्याच पायरीवर घाबरून खाली बसले असते. माझा नवरा मला इतकी वर्षं ओळखत होता, त्याला हे कळणं साहजिक आहे. त्या डब्याला कसं कळलं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.